नळीची लांबी ॲक्सल ठरवतो

गाडी तीन इंच उचलली की ब्रेकच्या नळ्याही तीन इंच लांब घ्यायच्या, असा सरळ हिशेब बरेच जण सांगतात. माझ्या गाडीचं सस्पेन्शन उंच करायला घेतलं तेव्हा मलाही तोच सल्ला मिळाला. नळ्या मागवण्याआधी मी गाडीखाली शिरून टेप लावला, आणि त्या मोजमापातून जे समजलं त्यामुळे पुढच्या सगळ्या कामाची दिशा बदलली.

गाडी पुढे-मागे सॉलिड ॲक्सलची, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच आडव्या कडक दांड्याच्या टोकांना, चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. नव्या स्प्रिंगांनी उंची ७५ मिलिमीटर वाढणार होती. पण गाडी सपाटीवर उभी असताना ब्रेकच्या नळीला ताण येतच नाही. ताण येतो तो एक चाक दगडावर चढतं आणि दुसरं खड्ड्यात लोंबतं तेव्हा. लोंबणारं चाक किती खाली जाणार, हे ठरवतो शॉकअप. तो पूर्ण उघडला की ॲक्सल तिथेच थांबतो. म्हणजे स्प्रिंगखाली नुसता स्पेसर टाकून जुनेच शॉकअप ठेवले, तर गाडी उंच दिसेल, पण ॲक्सलची खालची हद्द पूर्वीचीच राहील आणि जुनी नळी पुरेल. माझे नवे शॉकअप उघडल्यावर जुन्यांपेक्षा ११० मिलिमीटर लांब भरत होते. मला हिशेब धरायचा होता तो या ११० चा.

त्यात आणखी भर पडते. शॉकअप चाकापासून बराच आत, ॲक्सलच्या मधल्या बाजूला बसवलेला असतो, तर पुढची ब्रेकची नळी अगदी टोकाला, डिस्कला पकडणाऱ्या कॅलिपरवर जाते. ॲक्सल तिरका झाला की टोक शॉकअपच्या जागेपेक्षा जास्त खाली उतरतं. ॲक्सलला आडवा धरणारा पॅनहार्ड रॉड कमानीत फिरतो, त्यामुळे खाली जाताना ॲक्सल थोडा बाजूलाही सरकतो. आणि स्टिअरिंग वळवलं की कॅलिपर चाकाबरोबर फिरून नळीला पुढे किंवा मागे ओढतो. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात ती जागा शोधायची आणि तिथे मोजायचं. हे कॅटलॉगात बघून होत नाही.

मी ते असं केलं. चेसिस लोखंडी घोड्यांवर भक्कम टेकवली, चाकं काढली, स्प्रिंगा बाहेर घेतल्या आणि नवे शॉकअप तेवढे जागेवर लावले. स्प्रिंग नसल्यामुळे ॲक्सल जॅकने हवा तसा वरखाली करता येतो. उजवं टोक जॅकने बंप स्टॉपला, म्हणजे ॲक्सलची वरची हद्द ठरवणाऱ्या रबरी ठोकळ्याला, टेकेपर्यंत वर नेलं आणि डावं शॉकअपच्या हद्दीपर्यंत लोंबू दिलं. डावीकडची जुनी नळी मी आधीच कॅलिपरसकट मोकळी करून वर बांधून ठेवली होती. ती नुसती हाताने जागेवर धरून पाहिली, तर शॉकअप पूर्ण उघडायला साधारण ६० मिलिमीटर बाकी असतानाच ती ताठ होत होती. तशीच राहिली असती तर गाडीच्या त्या कोपऱ्याचं वजन पेलणारी शेवटची वस्तू ब्रेकची नळी ठरली असती. मग बाइंडिंगची मऊ तार घेतली. वरच्या ब्रॅकेटपासून कॅलिपरच्या बोल्टपर्यंत नळी जशी जायला हवी तशी वळवत नेली. स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे. जी तार जास्त लांब भरली ती पकडली आणि तिच्यात ४० मिलिमीटर मोकळीक मिळवली. नंतर दुसरी बाजू. दोन्हीकडचा आकडा सारखा आला नाही, म्हणून मोठा धरला. पुढच्या नळ्या मूळच्यापेक्षा १३० मिलिमीटर लांब घ्यायचं ठरलं.

नळीच्या दोन्ही टोकांना जी धातूची कडक मान असते ती वाकत नाही. तिच्या लगत पहिले दोन-तीन सेंटिमीटर नळी सरळच राहिली पाहिजे. मानेपाशीच वळण आलं तर प्रत्येक हेलकाव्याला ताण तिथेच एकवटतो. तार मोजताना ही सरळ जागा सोडायला हवी.

काही जण नळी न बदलता वरचं ब्रॅकेट खाली आणतात. चेसिसवरचा लोखंडी पाईप हळूच वळवायचा, मध्ये एक पट्टी लावायची आणि नळीचं वरचं टोक दोन इंच खाली घ्यायचं. लहान लिफ्टला, म्हणजे गाडी थोडीच उचलली असेल तर, हा मार्ग बरोबर आहे आणि त्यात ब्रेकचं ऑइल सांडत नाही. माझ्याकडे तो नाकारण्याचं कारण एवढंच की नळ्या जुन्या झाल्या होत्या. बाहेरच्या रबरावर बारीक भेगा दिसत होत्या. आतून रबर सुजलं किंवा त्याचा पापुद्रा सुटला तर नळी एकाच दिशेने वाट देते. पेडलचा जोर ऑइल पुढे ढकलतो, पण परत येताना ते अडकतं आणि ब्रेक चिकटलेला राहतो. बाहेरून पाहून हे ओळखू येत नाही. अशा नळ्यांना पुन्हा काम द्यायला मन तयार झालं नाही.

नव्या नळ्या कशाच्या घ्यायच्या यावर मी बराच विचार केला. रबरी नळी मऊ असते, चुरगळणं सहन करते आणि खराब होऊ लागली की भेगांतून सांगते. आत टेफ्लॉनची नळी आणि वर स्टीलच्या तारांची वीण असलेली नळी दाबाखाली कमी फुगते, म्हणून पेडल जरा कडक लागतं. लांबी वाढवली की फुगणंही वाढतं, त्यामुळे लांब नळीत हा फरक लक्षात येण्याजोगा असतो. पण टेफ्लॉनची नळी एकदा मुडपली की आतून कायमची दुखावते, आणि उघडी वीण ज्याला घासते ते कानशीसारखी कापत जाते. मी विणीवर प्लॅस्टिकचं आवरण असलेली नळी घेतली. बाजारात नट आवळून स्वतः टोकं बसवायच्या नळ्याही मिळतात. त्या मला ब्रेकसाठी नको होत्या. टोकं कारखान्यात प्रेसने आवळलेली, दाबाची चाचणी झालेली आणि तसा छाप असलेली नळीच हवी होती. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा नियमांमधला १०६ क्रमांकाचा नियम ब्रेकच्या नळ्यांसाठी आहे. त्यात नळीवर दाब ठेवून तिला यंत्रावर सलग ३५ तास गरगर हेलकावे देतात, आणि एक अष्टमांश इंच किंवा त्याहून बारीक भोकाची नळी ७,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाच्या आत फुटून चालत नाही. छापातली ‘एचएल’ ही अक्षरं कमी फुगणारी नळी दाखवतात, ‘एचआर’ नेहमीची. मी ही अक्षरं वाचून मगच नळी पसंत केली.

आट्यांची खात्री तर लांबीइतकीच महत्त्वाची. ब्रेकच्या पाईपला बऱ्याच गाड्यांत १० मिलिमीटरचे, १ मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांतलं अंतर) आटे असतात, पण ३/८ इंचाचे, इंचाला २४ आट्यांचे नटही सर्रास सापडतात. आकाराने दोन्ही इतके जवळचे की नट एक-दोन फेरे जातो आणि मग अडतो. पाईपाच्या टोकाचा आकारही दोन तऱ्हांचा. एकात टोक आत दुमडून फनेलसारखं केलेलं, म्हणजे डबल फ्लेअर. दुसऱ्यात ते बटणासारखं फुगवलेलं, म्हणजे बबल फ्लेअर. एकाची बैठक दुसऱ्याला चालत नाही. इथे धातूवर धातू दाबूनच गळती थांबते. नळाला गुंडाळतात तसली पांढरी टेप ब्रेकच्या जोडावर कधीच लावायची नाही. तिचा तुकडा आत गेला तर थेट व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. मी जुनी नळी शेजारी ठेवून दोन्ही टोकं, आटे आणि बॅन्जोच्या, म्हणजे पोकळ बोल्ट आरपार जातो त्या नळीच्या टोकावरच्या कड्याच्या, डोळ्याचा कोन पडताळला आणि मगच पुढे गेलो.

खोलण्याच्या आधीपासून, रोज आठवणीने, प्रत्येक नटावर गंज सोडवणारा स्प्रे मारत होतो आणि तारेच्या ब्रशने आटे साफ करत होतो. या नटांना साधा फिक्स पाना लावू नये, कोपरे गोल होतात. त्यासाठी फ्लेअर नटचा वेगळा पाना मिळतो. तो रिंग पान्यासारखाच असतो, फक्त पाईप आत सरकावा एवढी फट त्याला ठेवलेली असते. दुसऱ्या पान्याने नळीचं षटकोनी टोक धरून ठेवायचं, म्हणजे ब्रॅकेट पिळवटत नाही.

ऑइल सगळं गळू नये म्हणून एक युक्ती केली. सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडी दांडी अडकवून पेडल इंचभर दाबून ठेवलं. तेवढ्याने पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमधला पिस्टन पुढे सरकतो आणि ब्रेक ऑइलच्या टाकीकडून येणारं बारीक भोक झाकलं जातं. मग खाली नळी सोडली तरी टाकी रिकामी होत नाही. ब्रेकचे दिवे पेटलेले राहतात, म्हणून बॅटरीची तार काढून ठेवायची. हे मला फार मोलाचं वाटलं, कारण टाकी कोरडी पडली तर हवा मास्टर सिलिंडरमध्ये आणि तिथून एबीएसच्या युनिटमध्ये शिरते. ती बाहेर काढायला बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लावून आतला पंप चालवावा लागतो.

डावीकडचा नट सुटला. उजवीकडचा फिरला, पण त्याच्याबरोबर पाईपही फिरायला लागला. नट आणि पाईप गंजाने एकजीव झाले होते. तसंच जोर लावून फिरवलं असतं तर पाईप पिळून तुटला असता आणि चेसिसवरून नवा पाईप घालावा लागला असता. इथे जुनी नळी टाकूनच द्यायची होती हे कामाला आलं. नळी मधून कापली, ब्रॅकेटवरची यू आकाराची क्लिप उपटली, नळीचं टोक ब्रॅकेटमधून मोकळं केलं. मग नट पान्याने स्थिर धरला आणि नळीचं टोकच नटावरून फिरवून काढलं. पाईप जागचा हलला नाही. नंतर तो नट पाईपावर हळूहळू पुढे-मागे करत, स्प्रे मारत मोकळा केला.

बसवताना क्रम असा ठेवला: जे टोक फिरू शकत नाही ते आधी. कॅलिपरवर बॅन्जो बोल्ट, त्याच्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंना नवी तांब्याची वायसर. तांबं दाबलं जाऊन बैठकीचा आकार घेतं, म्हणून वापरलेली वायसर पुन्हा घालायची नसते. बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच आवळला. तो पोकळ असतो, अंदाजाने जास्त ताणला तर भोकापाशी चिरतो. नंतर वरचं टोक ब्रॅकेटमध्ये, क्लिप, आणि शेवटी पाईपाचा नट, जो मी आधी बोटांनी पाच-सहा फेरे फिरवला आणि मग पाना लावला. नळीवर लांबीभर एक रेघ छापलेली होती. ती सरळ दिसली म्हणजे नळीत पीळ नाही. पिळलेली नळी चाक हललं की स्वतःहून सुटायला बघते आणि बोल्ट ढिला करते.

लांब नळीचा खरा त्रास चाक खाली असताना नसतो, ते वर गेल्यावर असतो. तेव्हा ती सगळी जादा लांबी कुठेतरी जाऊन बसावीच लागते. चाक चढवलं, ॲक्सल बंप स्टॉपपर्यंत वर नेला आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. उजवीकडे नळीची कमान बाहेर फुगून टायरच्या आतल्या कडेला दोन बोटांवर येत होती. टायरवर चिखलाचा थर चढला की तेवढी जागा संपते. कॅलिपरकडचं टोक खाचेत बसतं, ते फिरवता येत नाही. म्हणून वरचं टोक ब्रॅकेटच्या षटकोनी भोकात एक घर फिरवून बसवलं. कमान मागे, मोकळ्या जागेकडे वळली. नळी स्प्रिंगच्या वेढ्यांत शिरत नाही ना, हेही त्याच वेळी पाहिलं. चाकाच्या सेन्सरची वायर नळीला बांधलेली असते, ती आणि ॲक्सलची हवा काढणारी बारीक नळीसुद्धा याच तपासणीत ताणलेल्या सापडल्या. वायरच्या क्लिपा जागा बदलून लावल्या, हवेची नळी बदलली.

मागे चेसिसपासून ॲक्सलवरच्या टी-जोडापर्यंत एकच नळी, त्यामुळे बसवायला सोपी. पण मागचा खरा विषय नळी नव्हेच. माझ्या गाडीत, जशी बऱ्याच जीप आणि पिकअपमध्ये असते तशी, वजनानुसार मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारी झडप आहे. ती चेसिसवर बसते आणि तिची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. गाडीत माल भरला की चेसिस खाली बसते, दांडी वर होते आणि झडप मागच्या चाकांना जास्त दाब सोडते. गाडी रिकामी असली की उलट. आता लिफ्ट केल्यावर चेसिस आणि ॲक्सल यांतलं अंतर कायमचं ७५ मिलिमीटर वाढलं. झडपेला वाटणार की मागे काहीच वजन नाही, आणि ती मागचा ब्रेक कमीच देत राहणार. मग सगळा भार पुढच्या ब्रेकवर पडतो, तेही उंच आणि बहुधा जड टायर लावलेल्या गाडीत. लिफ्ट किटबरोबर नळ्या देतात, पण या दांडीबद्दल फार कमी लोक बोलतात, याची मला खरोखर काळजी वाटते. काम सुरू करण्यापूर्वी गाडी सपाटीवर रिकामी उभी असताना मी दांडीचा कोन मोजून ठेवला होता. लिफ्टनंतर ॲक्सलकडच्या जोडाखाली तेवढ्याच उंचीचं ब्रॅकेट घालून तोच कोन परत आणला.

हवा काढायला धाकटा भाऊ पेडलवर बसला. डॉट ४ ची सीलबंद नवी बाटली उघडली. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. कोरडं असताना डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि ३.७ टक्के पाणी मुरलेल्या स्थितीत किमान १५५. लांब उतारावर ब्रेक तापतात तेव्हा हा फरक जाणवतो, म्हणून अर्धी उरलेली जुनी बाटली मी वापरत नाही. टाकीच्या झाकणावर जे लिहिलं आहे तेच घालायचं. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळत नाही, त्याचं नाव डॉट ५.१ या सिलिकॉन नसलेल्या ऑइलसारखं असलं तरी.

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात, माझ्या मॅन्युअलमध्ये तसंच होतं. हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं.

“दाब. धरून ठेव.”

“धरलंय, दादा. खाली जातंय.”

“जाऊ दे. मी बंद म्हणेपर्यंत पाय उचलू नकोस. हां, बंद. आता सोड, सावकाश.”

पेडलखाली एक लाकडी तुकडा ठेवला होता, जेणेकरून ते अगदी तळाला जाऊ नये. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोज जिथपर्यंत जातो त्याच्या पुढचा भाग खडबडीत झालेला असू शकतो, आणि तिथे सील घासून फाटतात. पुढच्या नव्या नळ्यांची कमान वर जात असल्यामुळे बुडबुडे तिथे अडून बसत होते. नळीला आणि कॅलिपरला पान्याच्या मुठीने हलके टोले देत राहिलो, तेव्हा उशिरा उशिरा एक-एक बुडबुडा सुटून आला. मध्येमध्ये टाकी भरत राहिलो. सांडलेलं ऑइल लगेच भरपूर पाण्याने धुतलं, रंग खातं ते.

पेडल कडक झालं तेव्हा इंजिन चालू करून भावाला पूर्ण जोराने पेडल दाबून धरायला सांगितलं आणि मी प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवला. पाझर डोळ्यांना दिसण्याआधी कागदावर ओला ठिपका उमटतो. उजवीकडच्या त्या त्रासलेल्या नटापाशी किंचित ओल आली. नट थोडा सैल करून पुन्हा बसवला, मॅन्युअलच्या टॉर्कला आवळला, पुसला, पुन्हा दाबायला लावलं. कागद कोरडा निघाला. सगळ्या नटांवरून ब्रॅकेटपर्यंत रंगाची एक रेघ ओढली, म्हणजे नट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल.

पहिली चाचणी मोकळ्या मातीच्या मैदानावर, अगदी कमी वेगात, हँडब्रेक चालतो याची आधी खात्री करून. जोराने ब्रेक मारल्यावर गाडी सरळ थांबली आणि मातीवरच्या खुणांवरून पुढची चाकं आधी घसटल्याचं दिसलं. तसंच हवं होतं. मागची आधी अडकली असती तर गाडीची शेपूट फिरली असती.

चिखलाच्या वाटेवर गाडी नेऊन आणल्यावर ती धुण्याआधी मी पुन्हा खाली गेलो. चिखल वाळला की नळ्यांवर त्याचा सारखा थर बसतो, आणि नळी जिथे कशाला घासते तिथे तो पुसला जाऊन जागा चकचकीत दिसते. पुढच्या दोन्ही नळ्या टोकापासून टोकापर्यंत मातकट होत्या. मागच्या नळीवर मात्र, टी-जोडाच्या जरा वर, नखाएवढी स्वच्छ जागा होती. वर पाहिलं तर हँडब्रेकची केबल नेमकी तिथून जात होती. केबलला रबर लावलेली क्लिप घालून ती ॲक्सलच्या मागच्या अंगाला घेतली, आणि ॲक्सल जॅकने दोन्ही बाजूंना पूर्ण वरखाली करून पाहिला. आता दोघींमध्ये अंगठा सहज फिरतो. रंगाच्या रेघा सगळ्या जुळलेल्या होत्या.